धातूचा घोडा कसा उभा राहिला?

तान्हा पोळ्याला आपली मुले लाकडाचा नंदी दोरीने ओढत नेतात. भंडाऱ्याची पितळी भांडी तर दूरवर ठाऊक आहेत. लाकूड तासणे, धातू ठोकणे, धातू ओतणे ही कामे आपल्याला नवी नाहीत. पण दोन पुरुषांहून उंच घोडा धातूचा करायचा झाला, तर?

असा घोडा पुण्यात आहे. त्यावर शिवाजी महाराज बसले आहेत. पुतळा १९२८ साली उभा राहिला. उंची साडेतेरा फूट. वजन सुमारे ८ टन. म्हणजे क्विंटलभर धानाची ८० पोती समजा!

तो घडवला विनायक पांडुरंग करमरकर यांनी. त्यांचा जन्म १८९१ सालचा. गाव सासवने, आताच्या रायगड जिल्ह्यात. घरी गणपतीच्या मूर्ती होत. पोराचा हात चांगला होता. रॉथफील्ड नावाच्या कलेक्टरने ते हेरले आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकण्याची वाट करून दिली.

आता एवढ्या मोठ्या कामाची रीत पाहू.

पहिले काम पाहण्याचे. घोड्याचे हाड कुठे, शीर कुठे, मान वळली की कातडी कशी ताणते, हे कारागीर आधी नीट पाहतो.

दुसरे काम सांगाड्याचे. घोड्याचे धड जड, पाय बारीक. नुसत्या मातीचे पाय मोडतील. म्हणून आत लोखंडी सळ्या घालतात. त्यावर माती चढवतात. माती वाळून तडकू नये म्हणून ओली फडकी गुंडाळतात.

तिसरे काम साच्याचे. मातीच्या घोड्यावरून प्लास्टरचा साचा काढतात. त्या साच्यातून मेणाचा पोकळ घोडा करतात. मेणाच्या आत आणि बाहेर आच सोसणारी माती भरतात. मग भट्टी लावतात. मेण वितळून वाहून जाते. मेणाची जागा रिकामी राहते.

चौथे काम ओतण्याचे. त्या रिकाम्या जागेत कांसे ओततात. कांसे म्हणजे तांबे आणि कथील यांचा मिलाफ. साच्यात ओल राहिली तर वाफ होऊन साचा फुटतो. हवा जायला वाट नसली तर आत पोकळी राहते. धातू मध्येच निवाला तर काम अर्धवट राहते.

म्हणून मोठे पुतळे बहुधा तुकड्यांनी ओततात आणि मग जोडतात. पुण्याचा हा पुतळा मात्र मुंबईला माझगाव गोदीत एकसंध ओतला. मेहनत महिनोन् महिन्यांची, पण निकाल थोड्या वेळात लागायचा! चूक झाली असती तर सारे पुन्हा करावे लागले असते. आधीची तयारी पक्की होती, म्हणून काम तडीस गेले.

करमरकर १९६७ साली वारले. सासवन्याच्या त्यांच्या घरी आता त्यांच्या शिल्पांचे संग्रहालय आहे. तिथे सिमेंटची एक म्हैसही आहे, खऱ्या म्हशीएवढी. राजाच्या घोड्याकडे त्यांनी जसे पाहिले, तसेच दारच्या म्हशीकडेही पाहिले.

बाबांनो, मायबहिणींनो, पुतळा लोकांना दिसतो. आतला सांगाडा, वाहून गेलेले मेण, फोडलेला साचा कोणाला दिसत नाही. पण त्यांच्यावाचून पुतळा होत नाही.

विचार करा व सांगा
१. घोड्याच्या पायात सळ्या का घालतात?
२. साचा ओला राहिला तर काय होईल?
३. तुमच्या गावात ओतकाम किंवा लाकूडकाम कोण करतो? तो आधी काय तयारी करतो, ते विचारून चार ओळी लिहा.