आजींचं मुखत्यारपत्र करताना

टेंभीपाड्याच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "शेजारच्या आजी हल्ली विसरतात. त्यांच्या पेन्शनसाठी माझ्या नावे पॉवर ऑफ अॅटर्नी, म्हणजे मुखत्यारपत्र, करता येईल का?"

तायांनो, विसरणं म्हणजे भान जाणं नव्हे. १८७२ च्या करार कायद्याचं कलम १२ सांगतं, मन एरवी ठिकाणावर नसलं तरी ज्या वेळी असेल, त्या वेळी माणूस करार करू शकतो. म्हणून आजी निवांत असताना त्यांच्या बोलीत समजवा, मग त्यांनाच विचारा, "कागदात काय लिहिलंय?" त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडा. नुसता अंगठा उठवून घेतलात तर उद्या पुतणे कोर्टात जातील, आणि त्यांचं चुकणारही नाही!

आजींचं भान पूर्ण गेलं की कलम २०१ प्रमाणे मुखत्यारपत्र संपतं. मग त्यावर पैसे काढायचे नाहीत. पालक नेमण्यासाठी उच्च न्यायालयात अर्ज करावा लागतो. आणि हो, मुखत्यारपत्राने आजींची खोली तुमच्या नावावर होत नाही.

अडचण फक्त बँकेत सही न जमण्याची असेल, तर मुखत्यारपत्र कशाला? रिझर्व्ह बँकेच्या नियमाने आजारी खातेदाराचा अंगठा दोन साक्षीदारांसमोर चालतो, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी हवा.

वकील लागला तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. बाईला तिथे मोफत मदत मिळते, उत्पन्नाची अट नाही. फोन १५१००.