‘ऑफ माइस अँड मेन’ : स्वप्नाचा हिशेब आणि मैत्रीचे मोल

जॉन स्टाइनबेक याची ‘ऑफ माइस अँड मेन’ ही कृती १९३७ साली प्रसिद्ध झाली. तिला लघुकादंबरी म्हणावे की दीर्घकथा, हा प्रश्न मराठी अभ्यासकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. लेखकाला मात्र जवळजवळ जशीच्या तशी रंगभूमीवर उभी राहू शकेल अशी कादंबरी लिहावयाची होती, आणि त्याच वर्षी ब्रॉडवेवर तिचा नाट्यप्रयोग झालाही. प्रकरणे सहा, काळ जेमतेम तीन-चार दिवसांचा, स्थळे मोजकी. निवेदक पात्रांच्या मनात सहसा शिरत नाही. शेवटी लेनीला होणारे भास एवढाच काय तो ठळक अपवाद. या तटस्थतेमुळे जॉर्जच्या अंतिम कृतीचा अर्थ लावण्याची जबाबदारी सर्वस्वी वाचकावर येते.

कॅलिफोर्नियातील सॅलिनास नदीचे खोरे ही कथेची भूमी. जवळच्या गावाचे नाव सोलेदाद, म्हणजे स्पॅनिश भाषेत एकाकीपणा. जॉर्ज मिल्टन आणि मंदबुद्धी परंतु अचाट ताकदीचा लेनी स्मॉल हे दोघे येथे धान्याच्या कामावर येतात. दोघांनी एकत्र फिरावे याचाच मालकाला संशय येतो. आपल्याकडील ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. तेथे स्थलांतराचे एकक कुटुंब आहे. स्टाइनबेकच्या रँचवर मात्र सुटा पुरुष हेच एकक आहे. म्हणूनच तेथील मैत्री ही भावुकतेची नव्हे, तर व्यवस्थेला न समजणारी गोष्ट ठरते.

या कादंबरीतील स्वप्नाला ‘भाबडे’ म्हणण्याचा प्रघात आहे. तो मला मान्य नाही. लेनीच्या सशांमुळे ते बालिश वाटते खरे. पण तिसऱ्या प्रकरणातील आकडे पाहावेत. जमिनीची किंमत ६०० डॉलर. हात गमावलेला म्हातारा कँडी ३५० डॉलर देऊ करतो. त्यांतले २५० त्या गमावलेल्या हाताची भरपाई म्हणून मिळालेले. जॉर्ज-लेनीची महिन्याची मजुरी मिळून १००. म्हणजे एकूण ४५०, उरलेल्यांची तजवीज होण्यासारखी. येथवर जॉर्ज ही गोष्ट लेनीला अंगाईसारखी ऐकवीत असतो. बेरीज होताच तो स्वतःही क्षणभर थक्क होतो. स्वप्न अशक्य असते तर ही शोकांतिका झालीच नसती. लेनीच्या हातून कर्लीच्या बायकोचा मृत्यू झाल्यावर कँडी आशेने विचारतो, आपण दोघांनी तरी ती जागा घ्यावी का? पैशाचे गणित तेव्हाही फारसे बिघडलेले नसते. तरीही जॉर्ज मागे सरतो. महिनाभर राबून ५० डॉलर उधळणाऱ्या इतरांसारखाच तो आता होणार. म्हणजे जमीन हे निमित्त होते. ती कोणाला तरी सांगत राहणे, हेच स्वप्नाचे खरे स्वरूप होते.

कँडीच्या म्हाताऱ्या कुत्र्याचा प्रसंग या दृष्टीने मध्यवर्ती आहे. कार्लसन त्याला गोळी घालतो, आणि आपल्या कुत्र्याला परक्या हाताने मरू दिल्याची खंत कँडी नंतर जॉर्जपाशी बोलून दाखवितो. जॉर्ज तेच पिस्तूल उचलतो, लेनीला पलीकडच्या तीरावर पाहावयास सांगतो, सशांची गोष्ट पुन्हा ऐकवितो, आणि मानेच्या वरच्या त्याच जागी नेम धरतो. ही करुणा की हत्या? कर्लीच्या जमावाच्या हाती लेनी सापडला असता तर काय झाले असते हे ध्यानात घेता मी करुणाच म्हणेन. मात्र कुत्रा आणि लेनी यांची ही समांतरता मला पूर्णपणे रुचत नाही. अस्वल, घोडा अशा उपमांनी लेनीचे माणूसपण आधीच उणे केलेले असल्याने वाचकाची संमती लेखकाला जरा स्वस्तात मिळते.

कर्लीच्या बायकोला नाव नाही, हीही मर्यादाच. चित्रपटतारका होण्याचे तिचे स्वप्न आपल्याला सविस्तर कळते ते मरणाच्या काही क्षण आधी. क्रूक्स या कृष्णवर्णीय तबेलेवाल्याच्या चित्रणात लेखक अधिक सखोल उतरतो. इतरांपासून वेगळा, घोड्यांच्या साजाच्या खोलीत राहणारा हा पुस्तके वाचणारा माणूस घटकाभर त्या बेतात सामील होऊ पाहतो. तीच निनावी स्त्री त्याला फासावर लटकविण्याची धमकी देते, आणि तो आपले शब्द मागे घेतो. दुबळ्याने अधिक दुबळ्याला चिरडण्याचे याहून निर्मम चित्र या कादंबरीत दुसरे नाही.

स्लिम हा एकटाच जॉर्जचे दुःख ओळखतो आणि त्याला घेऊन निघून जातो. या दोघांना झाले आहे तरी काय, हे कार्लसनला अखेरपर्यंत उमगत नाही, आणि स्टाइनबेकने शेवटचे वाक्य दिले आहे ते त्यालाच.