पोचा घरी काढायचा, पण कुठला?

अकोल्यातल्या एका गाडीमालकाच्या कारला मोटारसायकलचं हँडल लागलं आणि मागच्या दारावर पोचा पडला. आकार वाटीएवढाच, पण मधोमध धारदार घडी होती. नुकसान खरं त्या घडीतच होतं. मोबाइलवर पाहिल्याप्रमाणे त्यांनी सक्शन कप लावून ओढलं. पत्रा हलला नाही. मग दाराचं आतलं कव्हर काढून मागून हातोडी चालवली.

कारच्या दाराचा पत्रा साधारण पाऊण मिलिमीटर जाडीचा असतो आणि त्यावरचे रंगाचे सगळे थर मिळून एक दशांश मिलिमीटरच्या आसपास. घडी पडली तिथे पोलाद कायमचं ताणलेलं असतं. सर्वांत खोल जागी थेट ठोका दिला की ते आणखी ताणलं जातं. जाणता डेंटर एका बाजूने लोखंडी ठोकळा धरतो आणि कडेकडून हलके ठोके देत आत येतो. इथे उलटं झालं. पत्र्याला बाहेरून उंचवटे आले आणि बोट दाबलं की तो टकटक आत-बाहेर होऊ लागला.

उंचवटे झाकायला त्यांनी लांबी, म्हणजे पुट्टी, भरली. महिना मे, पारा ४५ अंशांवर. या लांबीत हार्डनर दोन टक्क्यांच्या आसपासच घालायचं असतं. वऱ्हाडच्या उन्हात तर ती पसरेपर्यंतच घट्ट होऊ लागते. घाईत थर जाड बसला. शिवाय घासताना पाणी वापरलं. पॉलिएस्टरची लांबी ओल शोषते, म्हणून ती कोरडीच घासावी लागते. पावसाळ्यात अमरावती महामार्गावरून ये-जा सुरू झाली तसे रंगाला फोड आले. खाली गंज धरला होता. शेवटी अमरावतीच्या कारागिराने सगळं खरवडून पत्र्यापासून काम केलं. मूळ पोच्याच्या कामापेक्षा हे काम कितीतरी मोठं निघालं.

म्हणून घरी हात घालायचाच तर बंपरला घाला. बहुतेक बंपर पॉलिप्रॉपिलीनचे असतात. रंग तडकलेला नसेल आणि मागे सेन्सर नसेल, तर उकळतं पाणी ओता, जाड हातमोजे घालून आतून दाबा, जागेवर आला की लगेच थंड पाणी टाका. दाराच्या मध्यावरचा उथळ, घडी नसलेला पोचाही सक्शन कपने कधी कधी निघतो.

पत्र्याच्या कडा, छताची किनार आणि दोन दारांमधला खांब यांना मात्र हात लावू नये. पडदा एअरबॅग छताच्या किनारीतच बसवलेली असते, आणि खांबाचं उच्च-ताकदीचं पोलाद तापवलं की कमकुवत होतं. हार्डनर मिसळलेला क्लिअर कोट बंद गॅरेजमध्ये फवारणं तर जिवाशी खेळ आहे. त्यातल्या आयसोसायनेटने दमा जडतो आणि रुमाल किंवा कापडी मास्क ते अडवत नाही.

खर्चाला भिऊन हातोडी उचलण्याआधी दोन डेंटरांकडून अंदाज घ्या, मग विम्याचा कागद काढा. १५०० सीसीपर्यंतच्या कारला प्रत्येक दाव्यात किमान १००० रुपये स्वतःच्या खिशातून जातात, आणि दावा केला की २० ते ५० टक्क्यांचा नो क्लेम बोनस सहसा हातचा जातो. त्यामुळे एकट्या पोच्यासाठी बहुधा रोख पैसे देऊन डेंटरकडून काम करून घेणंच स्वस्त पडतं.