मांजर व अंगणांतील विषारी झाडें

कणगीचें उंदरांपासून रक्षण करणारें मांजर शेतकऱ्याच्या मोठ्या उपयोगाचें. पण तें काय चावतें इकडे बहुधा कोणाचें लक्ष नसतें. मांजर मांसाहारी खरें, तरी तें पालाही खातें आणि अंगास लागलेलें सर्व चाटून पोटांत घेतें.

आमच्या मतें पहिला धोका लिलीचा. हिचें पान, फूल, फार काय फुलदाणींतील पाणीही मांजराचीं मूत्रपिंडें निकामी करतें. केसांवर पडलेले पराग चाटले तरी पुरे. आरंभीं ओकारी व सुस्ती येते, मध्यें जनावर सुधारल्यासारखें वाटतें आणि एक ते तीन दिवसांत मूत्रपिंडें बंद पडतात. ह्या मधल्या उतारानेंच धनी फसतो.

कुंपणाची कण्हेर, तांबडी असो वा पिवळी, हृदयावर घाला घालते. कळलावीचा कंद व एरंडाचें बीं हींही घातकच.

आमच्या वाचकांस नवल वाटेल तें कांद्यालसणाचें. कच्चा असो वा शिजलेला, त्यानें मांजराच्या रक्तांतील तांबड्या पेशी फुटतात. उरलेल्या रश्श्यांत भात कालवून मांजरापुढें ठेवण्याची चाल ह्यास्तव सोडावी. तुळस, गुलाब, दूर्वा निर्धोक, मात्र त्यांवर औषध फवारलेलें नसावें. दूर्वा खाऊन एखादे वेळीं मांजर ओकलें तर भिऊं नये.

विषाचा संशय येतांच, लक्षणांची वाट न पाहतां, चावलेली डहाळी बरोबर घेऊन पशुवैद्याकडे जावें. मिठाचें पाणी पाजून ओकविण्याच्या भानगडींत पडूं नये; तें मीठच मांजरास बाधतें.