अंधारे अरण्य आणि भयाचे रूपांतर : जिम कॉर्बेट यांच्या शिकारकथांच्या अनुषंगाने

शिकारकथा ही सामान्यतः साहसकथेच्या दालनात ठेवली जाते. तिचा नायक धाडसी असतो, श्वापद क्रूर असते आणि अखेरीस बंदुकीचा विजय होतो, असे तिचे ठोकळेबाज स्वरूप वाचकाच्या मनात असते. अशा कथेत वीररस प्रधान आहे असे मानले, की अंधाऱ्या रानातून एकट्याने चालताना शिकाऱ्याला वाटणारी भीती ही केवळ त्या वीररसाला उठाव देणारी पार्श्वभूमी ठरते. जिम कॉर्बेट (१८७५–१९५५) यांचे लेखन या समजुतीला छेद देते. त्यांच्या कथांत भय हे पार्श्वभूमीला नसून निवेदनाच्या केंद्रस्थानी आहे. या भयावर मात कशी केली जाते, आणि ‘मात’ हा शब्द तेथे कितपत लागू पडतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. भयानक रसाची चौकट

नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भरताने भयानक रसाचे जे विभाव सांगितले आहेत, त्यांत विकृत आवाज, कोल्हे व घुबडे यांच्यामुळे वाटणारा त्रास, ओसाड घर आणि अरण्यात जाणे यांचा स्पष्ट उल्लेख आहे. त्याच यादीत आप्तांच्या वधबंधनाचे दर्शन, श्रवण व कथा यांचाही समावेश होतो. म्हणजे भय उत्पन्न होण्यासाठी संकट समोर असावेच लागते असे नाही. त्याविषयी ऐकलेले बोलही पुरेसे ठरतात. हातपाय कापणे, चेहरा विवर्ण होणे, स्वर बदलणे हे या रसाचे अनुभाव होत.

या विवेचनात आणखी एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. भय हा स्थायी भाव भरताने स्त्रिया व नीच प्रकृतीची पात्रे यांच्याशी जोडला आहे. उत्तम प्रकृतीच्या पात्राने गुरू किंवा राजा यांच्यापुढे दाखवलेले भय हे कृतक, म्हणजे देखाव्यापुरते असते. उलट वीररसाच्या विभावांत ‘असंमोह’, म्हणजे बुद्धी गोंधळू न देणे, याला अग्रस्थान आहे. कॉर्बेट यांच्या कथा वाचताना ही दोन्ही सूत्रे उपयोगी पडतात. पहिले तेथे मोडते. दुसरे वेगळ्या अर्थाने सिद्ध होते.

२. ऐकलेले भय

‘जंगल लोअर’ (१९५३) या आत्मपर ग्रंथाच्या आरंभी कालाढुंगी येथील बोअर नदीवरच्या जुन्या लाकडी पुलाच्या आडोशाला रात्री बसलेली मुले दिसतात. डॅन्से नावाचा आयरिश गृहस्थ त्यांना भुतांच्या गोष्टी सांगत असतो. त्यांतील ‘बॅन्शी’ ही घनदाट रानात राहणारी दुष्ट स्त्रीपिशाच्ची. तिची किंकाळी नुसती कानावर पडली तरी अनर्थ ओढवतो, अशी श्रद्धा. कथेमुळे अरण्य आधीच भारले जाते. पुढे वाऱ्याच्या दिवशी रानात एकट्याने फिरताना ती किंकाळी खरोखरच ऐकू येते आणि बालक जीव घेऊन पळत सुटतो.

या प्रसंगाचे मोल त्याच्या उत्तरार्धात आहे. काही काळाने तो मुलगा त्याच जागी परत जातो आणि आवाजाचा उगम शोधतो. एक झाड कलून दुसऱ्याला टेकलेले असते. वारा सुटला की दोहोंच्या घर्षणातून तो आवाज निघतो. रानातील प्रत्येक अपरिचित गोष्टीचा छडा लावण्याची सवय त्या दिवसापासून लागली, असे कॉर्बेट नोंदवतात आणि त्याचे श्रेय ते भिववणाऱ्या डॅन्सेलाच देतात. भय येथे ज्ञानाचा अडथळा ठरत नाही. ते ज्ञानाचे प्रयोजन ठरते.

मराठी वाचकाला या ठिकाणी ‘चकव्या’ची आठवण होणे स्वाभाविक आहे. रात्री रानात वाट चुकलेला माणूस पुन्हा पुन्हा त्याच जागी येतो आणि उजाडेपर्यंत फिरत राहतो, तेव्हा त्याला ‘चकवा लागला’ असे म्हणतात. दिशाभ्रमाच्या अनुभवाला लोकमानसाने दिलेले ते नाव आहे. नाव मिळाल्याने अनुभव सांगण्याजोगा होतो, परंतु त्याचे कारण शोधण्याची गरजही संपते. बॅन्शीचे आणि चकव्याचे कार्य या बाबतीत सारखेच आहे. कॉर्बेट यांचे वेगळेपण एवढेच, की ते नावापाशी थांबत नाहीत.

३. पाली येथील रात्र

‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ’ (१९४४) मधील चंपावतच्या वाघिणीची कथा १९०७ साली घडलेली आहे. ४३६ माणसांचा बळी घेतल्याची ख्याती असलेल्या या वाघिणीच्या भीतीने पाली गावातील लोक दारे बंद करून बसलेले असतात. निवेदक पहिली रात्र गावाबाहेर, रस्त्याच्या कडेला झाडाला पाठ टेकून काढायचे ठरवतो. समोरचा रस्ता चांदण्याने उजळलेला असतो. दोन्ही बाजूंना मात्र झाडांच्या दाट सावल्या असतात. वाऱ्याने फांद्या हलतात, सावल्या सरकतात आणि त्याला एक नव्हे, डझनभर वाघ अंगावर येताना दिसतात. भीती आणि थंडी या दोहोंमुळे दात वाजू लागतात. गावात परतावे, तर आपण घाबरलो हे कबूल करण्याचे धैर्य नसते. पहाटे केव्हातरी त्याला झोप लागते आणि त्याची माणसे येतात तेव्हा तो गुडघ्यांवर डोके ठेवून गाढ झोपलेला आढळतो. वाघीण रात्रभर फिरकलेलीच नसते.

भरताने सांगितलेले अनुभाव येथे जवळजवळ क्रमाने येतात आणि ते कथानायकाच्याच ठिकाणी येतात. हे भय कृतक नाही. उत्तम प्रकृतीच्या पात्राला खरे भय वाटत नाही, हे गृहीतक येथे निकालात निघते. दुसरे असे, की त्याला रात्रभर जागी खिळवून ठेवणारी गोष्ट शौर्य नसून लोकलज्जा आहे. वाघाचे भय आणि अप्रतिष्ठेचे भय यांत दुसरे प्रबळ ठरते. हा कबुलीजबाब मूळ घटनेनंतर सदतीस वर्षांनी छापला गेला, हेही ध्यानात घेतले पाहिजे. अनुभवी, यशस्वी निवेदक आपल्या तरुण रूपाकडे सौम्य उपरोधाने पाहतो; गुडघ्यांत डोके घालून झोपलेल्या शिकाऱ्याचे चित्र हा त्याचा पुरावा. तरीही हा उपरोध भयाला खोटे ठरवत नाही.

याच कथेत भयाने वाचा गेलेल्या एका स्त्रीचा प्रसंग आहे. वाघीण बहिणीला उचलून नेत असताना ती तिच्या मागे धावली होती. वाघीण तिच्यावर उलटली आणि तेव्हापासून वर्षभर तिची वाचा बंद होती. मारलेल्या वाघिणीचे कातडे डोळ्यांनी पाहिल्यावर ती पुन्हा बोलू लागते. नरभक्षकामागे निःशस्त्रप्राय धावणारी ही स्त्री भरताच्या वर्गीकरणात कोठे बसवावी, हा प्रश्न वाचकापुढे आपोआप उभा राहतो.

४. असंमोहाची साधने

पालीच्या रात्रीनंतरच्या कथांत भय नाहीसे होत नाही. बदल होतो तो भयाच्या विषयात. सर्व दिशांना पसरलेला धोका हळूहळू ठरावीक दिशांना सीमित होतो. याचे सर्वांत बोलके उदाहरण वाऱ्यासंबंधीच्या निरीक्षणात मिळते. माणसाचे घ्राणेंद्रिय दुर्बळ आहे हे वाघाला ठाऊक नसते, असे कॉर्बेट सांगतात. त्यामुळे तो माणसाचीही इतर सावजाप्रमाणेच शिकार करतो आणि आपला वास सावजाला लागणार नाही अशा बाजूने येतो. वारा समोरून वाहत असेल तर धोका पाठीमागे असतो. मग वाऱ्याला आडवे, आळीपाळीने डावीकडे व उजवीकडे वळत चालले, की तो एका बाजूला आणता येतो. सांबर, चितळ, भेकर, वानर यांचे इशाऱ्याचे आवाज याच रीतीने वाचले जातात. ज्या आवाजांना भरताने भयाचे विभाव म्हटले असते, तेच येथे असंमोहाची साधने होतात.

रुद्रप्रयागच्या नरभक्षक बिबळ्याच्या कथेत मात्र या ज्ञानाची मर्यादा दिसते. सरकारी नोंदीनुसार १२५ बळी घेणारा हा बिबळ्या २ मे १९२६ रोजी मारला गेला. अंधारातून एकट्याने परतल्यावर दुसऱ्या दिवशी आपल्या पावलांच्या ठशांवर बिबळ्याचे ठसे उमटलेले निवेदकाला दिसतात. भय येथे भूतकाळातून येते. धोका टळून गेल्यावर ते जाणवते. नरभक्षक बिबळ्या रात्रीच का हिंडतो, याचे कॉर्बेट यांनी दिलेले कारणही मार्मिक आहे : कितीही बळी घेतले तरी त्याची माणसाविषयीची भीती जात नाही, वाघाची जाते, म्हणून वाघ दिवसाढवळ्या येतो. म्हणजे त्या अंधाऱ्या वाटेवर पुढचा आणि मागचा असे दोघेही भ्यालेले असतात.

या विवेकालाही अपवाद आहे. साप मारला गेल्याशिवाय नरभक्षकाच्या शिकारीत आपल्याला यश येत नाही, हा समज कॉर्बेट स्वतःविषयी प्रांजळपणे नोंदवतात. कारणमीमांसा आणि श्रद्धा एकाच मनात शेजारी नांदतात, याची ही कबुली त्यांच्या निवेदनाची विश्वसनीयता वाढवते.

५. समारोप

कॉर्बेट यांच्या कथांत भयावर मिळवलेला विजय म्हणजे भयाचा नाश नव्हे; निराकार भयाचे साकार सावधपणात झालेले ते रूपांतर आहे. उत्साहापेक्षा असंमोह हा त्याचा आधार असल्याने या कथांना केवळ वीररसाच्या कथा म्हणणे अपुरे ठरते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर भारतात शिकारीचे युग कायद्याने संपले. तथापि शिकारकथेने घडवलेली ही दृष्टी संपली नाही. व्यंकटेश माडगूळकर (१९२७–२००१) यांचे ‘नागझिरा’ किंवा वनखात्यात आयुष्य घालवलेल्या मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांचे अरण्यलेखन यांचा अभ्यास करताना हे सूत्र कसोटीसारखे वापरता येईल. हातात बंदूक नसताना अंधाऱ्या रानाशी केलेला संवाद कशाच्या बळावर उभा राहतो, हा प्रश्न त्या अभ्यासाच्या केंद्रस्थानी असावा. कॉर्बेट यांच्या कथांतील ग्रामस्थ बंदुकीविनाच त्या वाटांवरून जात-येत होते, याचेही विस्मरण होऊ नये.