रंग सगळ्यात शेवटी

अमेरिकेत इलिनॉय-विस्कॉन्सिनच्या पट्ट्यात एखाद्या जुन्या शेतघराचा लिलाव निघाला, की अवजारांच्या रांगेत एक बुटका ट्रॅक्टर हमखास दिसतो. सात-आठ अश्वशक्तीचा. घरामागचं गवत कापायचं, भाजीचा तुकडा नांगरायचा, हिवाळ्यात दारातला बर्फ ढकलायचा, ही त्याची कामं. साउथ बेंडच्या एल्मर पॉण्ड यांनी १९४६ साली सुरू केलेला अशा छोट्या ट्रॅक्टरांचा धंदा ‘व्हील हॉर्स’ या नावाने वाढला. १९६१ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरचा ‘कब कॅडेट’ आला, १९६३ मध्ये जॉन डिअरचा ‘११०’. पुढे कब कॅडेट एमटीडी कंपनीकडे गेला, व्हील हॉर्स टोरो कंपनीकडे. मालक बदलले, पण बिडाच्या इंजिनांची ही यंत्रं आजही लोकांच्या गॅरेजमध्ये धडधडतात.

प्रस्तुत लेखकाने असाच एक कब कॅडेट लिलावात घेतला. रंग चकाचक, स्टिकर कोरे. विकणारा म्हणाला, “सेल मारा, लगेच सुरू होतो.” झालाही. घरी आणून गवतात घातला, तर थोड्याच वेळात तापून बंद पडला. इंजिनावरचं पत्र्याचं आवरण उघडल्यावर कारण दिसलं. सिलिंडरच्या फिन्समध्ये उंदरांनी घरटं केलं होतं: वाळकं गवत, मक्याचे दाणे, सीटमधला कुरतडलेला फोम. कडेच्या काड्यांवर ताज्या पिवळ्या रंगाचे शिंतोडे होते. रंगारी तिथवर पोचला होता, चार बोल्ट सोडायची तसदी मात्र त्याने घेतली नव्हती.

या इंजिनांना रेडिएटर नसतो. फ्लायव्हीलचा पंखा हवा ओढतो आणि पत्र्याचं आवरण ती फिन्सवरून वळवतं. म्हणून जुना ट्रॅक्टर घरी आला की सेल मारण्याआधी हे आवरण काढून साफसफाई करावी, आणि चाचणीसाठीसुद्धा ते परत बसवल्याशिवाय इंजिन चालवू नये.

दुसरं काम तेलाचं. यातल्या अनेक ट्रॅक्टरांत कोहलर कंपनीचं ‘के’ मालिकेतलं इंजिन असतं. त्याला ऑइल पंपही नाही आणि ऑइल फिल्टरही नाही. कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाला एक लहानशी जीभ असते. ती दर फेऱ्याला तेलात बुडते आणि आतल्या भागांवर तेल उडवते. रॉड अॅल्युमिनियमचा, थेट क्रँकवर फिरणारा, मध्ये वेगळं बेअरिंग नाही. तेल कमी असलं किंवा तीव्र उतारावर एका बाजूला गेलं, तर रॉड कोरडा पडून चिकटतो, तुटतो आणि ब्लॉकला भगदाड पाडतो. त्यामुळे दर वेळी सुरू करण्याआधी डिपस्टिक बघायचीच. गव्हर्नरची स्प्रिंग ताणून वेग वाढवण्याचा खेळही नको. या इंजिनाची मर्यादा मिनिटाला ३,६०० फेऱ्यांची. त्यापुढे रॉडच नव्हे, बिडाचं फ्लायव्हीलही फुटू शकतं.

मग ठिणगी. ज्याने जुन्या लॅम्ब्रेटाचे किंवा बुलेटचे पॉइंट घासले आहेत, त्याला हे काम नवं नाही. के मालिकेत पॉइंट इंजिनाच्या बाहेरच्या अंगाला, एका छोट्या झाकणाखाली असतात. ते पूर्ण उघडलेले असताना अंतर साधारण अर्धा मिलिमीटर हवं; फीलर गेजची पट्टी किंचित घासत सरकली की जमलं. पॉइंट काळे पडले असतील तर कंडेन्सरही बदलावा. इंधनाकडेही लक्ष हवं. अमेरिकेतल्या पेट्रोलमध्ये बहुधा दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या रबरी नळ्या त्याने खराब होतात, आणि हिवाळाभर साठून राहिलेलं पेट्रोल कार्ब्युरेटरमध्ये चिकट थर धरतं. हंगाम संपला की टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करावेत.

एवढं झाल्यावर रंगाकडे वळावं, तेही जपून. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासू नये. पाणी लावून घासावं आणि चांगला मास्क वापरावा. ब्रेक-क्लचच्या जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते, तिथली धूळ कॉम्प्रेसरने उडवू नये. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने पुसलेल्या भागावर वेल्डिंग केलं तर फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. बंद गॅरेजमध्ये तो जीवावर बेतू शकतो.

आणि मूळ रंग कोणता, हे आधी तपासावं. जॉन डिअरने १९६९ मध्ये ‘पॅटिओ’ ट्रॅक्टर काढले: अंग पांढरं, बॉनेट आणि सीट लाल, नारिंगी, पिवळी किंवा निळी. ते फारसे खपले नाहीत, काहींवर हिरवा रंग फासला गेला. आज संग्राहक नेमके तेच शोधत फिरतात. सीटखाली, मडगार्डच्या आतल्या बाजूला, बॅटरीच्या तळाशी मूळ रंगाचे अवशेष सापडतात. सँडपेपर हातात घेण्याआधी त्यांचे आणि सिरीयल नंबरच्या पट्टीचे फोटो काढून ठेवावेत.

शेवटी एक कळकळीची विनंती. यातल्या जुन्या मॉडेलांना सीटखाली सुरक्षेचा स्विच नसतो. चालक उतरला किंवा पडला तरी इंजिन चालू राहतं, पाती फिरत राहतात. पात्यांजवळ हात नेण्याआधी इंजिन बंद करा आणि स्पार्क प्लगची वायर काढा. नव्याने सजवलेल्या ट्रॅक्टरवर नातवंडांना मांडीवर बसवून चक्कर मारायचा मोह कितीही झाला, तरी मारू नका.