अर्थसहाय्य आणि अर्धवेळ व्यवसाय : माजलगावच्या दिव्यांगांचा हिशेब

सिंदफणा नदीवरील धरणामुळे माजलगावचे नाव महाराष्ट्राला परिचित झाले. कापूस आणि ऊस ही या तालुक्याची मुख्य पिके. तथापि पाण्याची सोय झाली तरी हंगाम संपताच हाताला काम नसणे, ही येथील मजूर कुटुंबांची जुनी व्यथा आहे. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीसाठी दरवर्षी होणारे स्थलांतर सर्वश्रुत आहे. टोळीबरोबर जे जाऊ शकत नाहीत, त्यांत शरीराने अधू असलेली माणसे बहुधा असतातच. गावी मागे राहिलेल्या अशा व्यक्तीसमोर दोनच आधार उरतात : शासनाचे मासिक अर्थसहाय्य, आणि बसल्या जागी करता येण्याजोगा एखादा छोटा व्यवसाय. हे दोन्ही आधार एकाच वेळी धरता येतात काय, हा प्रश्न तलाठी कार्यालयात, ग्रामसभेत आणि शाळेच्या ओट्यावर वारंवार विचारला जातो. त्याचे उत्तर मात्र अनेकदा ऐकीव माहितीवर दिले जाते.

संजय गांधी निराधार अनुदान योजना महाराष्ट्रात 1980 साली सुरू झाली. निराधार, विधवा, दुर्धर आजाराने पीडित अशा अनेक घटकांबरोबर दिव्यांगांचाही तीत समावेश आहे. सन 2019 मध्ये तिचे अर्थसहाय्य दरमहा 1,000 रुपये झाले, 2023 मध्ये ते 1,500 रुपयांवर गेले, आणि दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ऑक्टोबर 2025 पासून ते 2,500 रुपये करण्यात आले. दिव्यांगत्व किमान 40 टक्के असावे लागते. इतर लाभार्थ्यांच्या कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 21,000 रुपये, तर दिव्यांगांसाठी ती 50,000 रुपये ठेवण्यात आली आहे. अर्जाची छाननी तालुकास्तरीय समिती करते आणि तहसीलदार तिचे सदस्य सचिव असतात.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. हे सहाय्य मनुष्य काम करू शकत नाही म्हणून दिलेले नाही. वैद्यकीय मंडळ पायाचे, दृष्टीचे, श्रवणाचे अपंगत्व मोजते. माणसाने शिलाई यंत्रावर बसावे की नाही हे ते ठरवीत नाही. म्हणून पानपट्टी चालवणारा अथवा मोबाइल दुरुस्त करणारा दिव्यांग केवळ काम करतो एवढ्याच कारणास्तव अपात्र ठरत नाही. पात्रतेचा प्रश्न उत्पन्नाचा आहे. “धंदा दिसला की पगार बंद” हा गावोगावी पसरलेला समज चुकीचा असून त्यामुळे कित्येक होतकरू हात स्वस्थ बसून राहतात. (या अर्थसहाय्यास खेड्यात सर्रास ‘पगार’ म्हणतात, हे येथे नमूद करावयास हवे.)

उत्पन्न कशाला म्हणावे, याविषयीही घोटाळा होतो. बांगड्या विकणाऱ्या स्त्रीने दिवसभरात 400 रुपयांची विक्री केली आणि माल 300 रुपयांचा असेल, तर तिची कमाई 100 रुपये होय. चौकशीस आलेला कर्मचारी विक्रीचाच आकडा लिहून घेतो आणि वर्षाचे उत्पन्न चौपट होऊन बसते. पगारपत्रक नसलेल्या व्यावसायिकास यावर एकच उपाय आहे : साध्या वहीत रोजची खरेदी, विक्री, भाडे आणि दुरुस्तीखर्च लिहिणे. गावातील शिक्षकाने ही वही कशी ठेवावी एवढे शिकवले, तरी उत्पन्नाच्या दाखल्याच्या वेळी मोठे साहाय्य होईल.

हंगामाचा विचारही आवश्यक आहे. याच तालुक्यात गोदावरीकाठी पुरुषोत्तमपुरी आहे. अधिक महिन्यात तेथे भाविकांची रीघ लागते. सन 2023 मध्ये श्रावण अधिक होता. अशा महिन्यात फुले, प्रसाद विकणाऱ्याची जी कमाई होते, तिला बाराने गुणून वार्षिक उत्पन्न काढणे हा उघड अन्याय ठरेल. मर्यादा वर्षाची आहे. हिशेबही वर्षाचाच हवा.

येथवरचे प्रश्न माहितीने सुटतील. पुढचा तसा सुटणारा नाही. समजा, एका घरात पतीच्या मजुरीचे वर्षाला 30,000 रुपये येतात. पत्नी दिव्यांग असून तिला वर्षाचे 30,000 रुपये अर्थसहाय्य मिळते. ती दुपारचे तीन-चार तास शिवणकाम करू लागली आणि खर्च वजा जाता महिन्याला 2,000 रुपये मिळवू लागली. वर्षाचे 24,000 झाले. कुटुंबाची कमाई 54,000, म्हणजे मर्यादेपेक्षा 4,000 अधिक. नियम काटेकोर लावला तर 24,000 मिळवण्यासाठी 30,000 गमवावे लागतात. कष्ट केल्याने घर 6,000 रुपयांनी गरीब होते. अशा स्त्रीने यंत्र झाकून ठेवले, किंवा कमाई लपवली, तर दोष एकट्या तिचा मानता येईल काय?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 याच्या कलम 19 मध्ये व्यवसाय प्रशिक्षण आणि स्वयंरोजगाराचे साहाय्य आहे, तर कलम 24 मध्ये सामाजिक सुरक्षा. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाच्या 5 टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावयाची असते, आणि त्यातून शिलाई यंत्र वा पिठाची गिरणी दिली जाते. बीज भांडवल योजनेत दीड लाखापर्यंतच्या व्यवसायास बँकेचे कर्ज आणि शासनाचे अनुदान मिळू शकते. म्हणजे एक हात व्यवसायास उभे करतो आणि व्यवसाय चालू लागला की दुसरा हात अर्थसहाय्य काढून घेतो. गिरणी दिली त्या वर्षी नफा नसतो. हप्ते मात्र असतात.

इतर देशांनी ही अडचण निरनिराळ्या रीतींनी हाताळली आहे. अमेरिकेतील गरजू दिव्यांगांच्या पूरक उत्पन्न योजनेत कमाईतील पहिले 65 डॉलर मोजलेच जात नाहीत आणि उरलेल्या प्रत्येक दोन डॉलरमागे सहाय्यातून एकच डॉलर कापला जातो. ब्रिटनमध्ये आजारपण व अपंगत्वावरील एका भत्त्यासोबत आठवड्यास 16 तासांहून कमी काम, ठरलेल्या कमाईच्या आत, करू दिले जाते. तेथील वैयक्तिक स्वावलंबनाचा भत्ता तर कमाईकडे पाहतच नाही. आपल्या उदाहरणातील स्त्रीस मर्यादेवरील दर दोन रुपयांमागे एक रुपया असा नियम लावला, तर 4,000 रुपयांपोटी तिचे 2,000 रुपये कमी होतील आणि 28,000 चालू राहतील. तिला शिवणकाम सोडण्याचे कारण उरणार नाही. शासनाने उत्पन्नमर्यादा पूर्वी वाढवलेली आहे. मर्यादेच्या पुढे एकदम तुटणाऱ्या या कड्यालाही उतार देणे अशक्य नाही.

तोपर्यंत पंचायत सदस्यांना करण्याजोगे बरेच आहे. गिरणी अथवा यंत्र मंजूर करतानाच त्या कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाचा अंदाज त्याच्यासमोर मांडावा, दरवर्षीच्या हयातीच्या दाखल्याची आठवण द्यावी, आणि चौकशीच्या वेळी लाभार्थ्याची हिशेबाची वही तलाठ्याने पाहावी असा आग्रह धरावा. दाखला विक्रीवर निघाला असेल तर अर्थसहाय्य बंद होण्याची वाट न पाहता तहसील कार्यालयाकडे लेखी अर्ज करून तो दुरुस्त करून घ्यावा.